कोपीवरच्या मुलांची शाळा

(समुदाय रेडिओवरून दसऱ्याच्या आठवड्यात प्रसारित झालेलं भाषण)



दसरा झाला, सोनं वाटून झालं. आता आपल्याकडे दुसरी एक तयारी सुरू होईल. मुकादमांचे फोन यायला लागतील, कोयत्यांना धार लागेल, पत्र्याच्या पेटीत भांडी, पीठ, गोधड्या भरल्या जातील. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसं निघतील. त्या सामानावर शेळी असते, कोंबड्या असतात आणि लहान पोरं असतात. मी आज त्या पोरांबद्दल बोलणार आहे.

आपला अहिल्यानगर जिल्हा असा आहे की ही गोष्ट त्याच्या दोन्ही टोकांना दिसते. पाथर्डीच्या डोंगराकडची गावं, त्याला लागून बीडचं आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, इथून माणसं ऊसतोडीला जातात. आणि प्रवरा, गोदावरी, मुळेच्या पाण्यावर ऊस पिकवणारी आपल्याच जिल्ह्यातली गावं, तिथं ती येऊन उतरतात. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातही याच जिल्ह्यात प्रवरानगरला झाली. म्हणजे आज हे ऐकणाऱ्या काही गटांच्या गावातून मुलं जाणार आहेत आणि काही गटांच्या गावात ती येणार आहेत. दोघींनाही माझं सांगणं आहे.

आधी त्या मुलाचं वर्ष कसं असतं ते बघू. जूनमध्ये शाळा भरते. मूल वर्गात बसतं, पुस्तकं मिळतात, पाढे सुरू होतात. दिवाळीची सुट्टी लागते आणि मूल निघून जातं. परत येतं ते मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडल्यावर. तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते किंवा होऊन गेलेली असते. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला 200 दिवस आणि सहावी ते आठवीची 220 दिवस भरली पाहिजे. या मुलाच्या वाट्याला त्यातले निम्मेही दिवस येत नाहीत. असं एक वर्ष गेलं तर भरून निघतं. दुसरं वर्ष गेलं की मूल वर्गात गप्प बसायला लागतं. तिसऱ्या वर्षी नाव चौथीत असतं आणि वाचन पहिलीचं असतं. मग त्या मुलालाच शाळेची लाज वाटते आणि ते म्हणतं, मला नाही जायचं.

यावर आपल्यातल्याच काही बाया म्हणतात, "आई-बापालाच काळजी नाही, त्याला कोण काय करणार?" मैत्रिणींनो, हे खरं नाही. ऊसतोडीला एकटा माणूस जात नाही, जोडी जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते आणि ती पावसाळ्यातच घेतलेली असते, दवाखान्याला, लग्नाला, आधीच्या देण्याला. आईनं ठरवलं की मी पोरांसाठी गावात राहते, तर उचल फेडायची कशी? आणि फडावर गेल्यावर एक दिवस जरी कामाला गेलं नाही तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. पहाटे अंधारात ती फडावर जाते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरायला डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढते. गाडी रात्री आली तर रात्रीही भरावी लागते. या बाईला पोराच्या शाळेची काळजी नसते असं नाही. काळजी करायला तिच्याकडे वेळ आणि माणूस नसतं.

मग शाळेनंच मुलाकडे जायचं का? ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात नवी नाही, आणि तिच्यामागे बायाच उभ्या आहेत. ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणू तालुक्यात बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी वस्तीतली मुलं बालवाडीत यायची नाहीत, तेव्हा या दोघींनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर जो शब्द चालतो तो "अंगणवाडी" तिथून आला. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळा कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. अक्षरं मातीत काढायची, मोजायला दगड आणि बिया घ्यायच्या. पोरांनी गुरंही राखायची आणि शिकायचंही.

पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वसईकडच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेनं भोंगा शाळा चालवल्या. भट्टीवर मजूर कच्च्या विटा रचून जी खोपटी करतात तिला भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव. शहरात इमारतींच्या बांधकामांवर मोबाईल क्रेश या संस्थेनं 1969 पासून मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली, सुरुवात दिल्लीत झाली. मुंबई-पुण्यात डोअर स्टेप स्कूलनं बसमध्ये वर्ग भरवले आणि बांधकामांवरही शिकवलं. आणि आपल्या साखर कारखान्यांवर साखरशाळा झाल्या. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जनार्थ संस्थेनं यात मोठं काम केलं. कोप्यांच्या शेजारी पाचटाचं किंवा पत्र्याचं छप्पर, त्यात हंगामभर वर्ग.

साखरशाळेनं एक गोष्ट दाखवून दिली. शाळा कोपीपासून हाकेच्या अंतरावर असली तर मुलं येतात. आईला पाणी आणून दिलं, भाकरी थापली की मुलगी उरलेल्या वेळात येऊन बसते. पण दोन अडचणीही दिसल्या. पहिली, बैलगाडीवाले मजूर कारखान्याजवळ एका जागी हंगामभर तळ देऊन राहतात, तिथं अशी शाळा चालते. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या मात्र फडामागे फिरतात. पंधरा दिवस या शिवारात, महिनाभर त्या शिवारात. त्यांच्यामागे छप्पर किती हलवणार? दुसरी अडचण, छपराखालच्या वर्गाला शाळेचं सगळं कुठून येणार? गुरुजी, फळा, संडास, पोषण आहार, दाखला.

मग 2009 साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळेची, खरीखुरी शाळा मिळाली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. त्यामुळे साखरशाळेचा जोर कमी झाला आणि मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत न्यायचं ठरलं. हे बरोबरच आहे. आपल्या पोरांना पक्की शाळा आणि त्यांच्या पोरांना छप्पर, असं का असावं? पण झालं असं की छप्पर गेलं आणि पक्की शाळा काही मुलांपर्यंत पोचली, काहींपर्यंत पोचलीच नाही. कोप्या शिवारात, शाळा दीड-दोन किलोमीटरवर, मधल्या रस्त्यावर उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर. सात वर्षांचं पोर एकटं कसं जाईल?

आता कायदा काय म्हणतो ते सोप्या भाषेत सांगते. हे लक्षात ठेवा, कारण शाळेच्या दारात उभं राहून तुम्हालाच बोलायचं आहे.

एक. मूल दुसऱ्या गावात गेलं तर तिथल्या शाळेत प्रवेश मागायचा त्याला हक्क आहे. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

दोन. जन्माचा दाखला नाही म्हणूनही अडवता येत नाही.

तीन. वर्षाच्या मधल्या कुठल्याही महिन्यात मूल आलं तरी घ्यावं लागतं. "आता जूनमध्ये या" हे उत्तर चालत नाही.

चार. मूल कधी शाळेत गेलं नसेल किंवा मागं पडलं असेल, तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीतल्या पोरांत बसवायचं नाही.

पाच. बाहेरगावाहून कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेणं ही तिथल्या स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ही जबाबदारी कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे.

याशिवाय आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. गाव सोडताना मुलाच्या शाळेनं हे कार्ड भरून द्यायचं. मुलाचं नाव, इयत्ता, त्याला कुठवर येतं, हे त्यात असतं. ते दाखवून मूल नव्या गावच्या शाळेत बसतं, परत आल्यावर आपल्या शाळेत बसतं आणि दरम्यान त्याचं नाव मूळ शाळेतून जात नाही. आणि आणखी एक सोयीची गोष्ट, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. आष्टीच्या शाळेत बालभारतीचं जे पुस्तक, तेच राहुरीच्या शाळेत. कोयते सांगली-कोल्हापूरला गेले तरी तेच. पिशवीत पुस्तकं असतील तर मूल जिथं सोडलं तिथून पुढे वाचू शकतं. कर्नाटकात गेलेल्या टोळ्यांची अडचण मोठी असते, तिथली शाळा कन्नड. बेळगावकडच्या सीमाभागात मराठी शाळा आहेत, पण टोळी त्यांच्या जवळच उतरेल असं नाही. त्या कुटुंबांनी होता होईल तो शाळेच्या वयाची मुलं गावीच ठेवलेली बरी.

गावी ठेवायची तर कुठं? आजी धडधाकट असेल तर आजीजवळ. सरकारनं यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय केली आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. मुलं शाळेत शिकतात, जेवणाची सोय वसतिगृहात होते, बऱ्याच ठिकाणी रात्री झोपायला आजी-आजोबांकडे जातात. मोठ्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे. मुलगी सहावीच्या पुढे असेल तर तुमच्या तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे का, ते विचारा. हंगामी वसतिगृहाची एक गाठ मात्र कायम बसते. माणसं जातात दिवाळीला आणि मंजुरी येते नंतर. मंजुरी येईपर्यंत आई थांबू शकत नाही, ती पोराला घेऊन जाते. मग वसतिगृह सुरू होतं आणि मुलं थोडी म्हणून रिकामं राहतं. म्हणून यादी लवकर गेली पाहिजे. गणपती उठले की गटाच्या बैठकीत यादी करायला घ्या आणि ती मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांकडे गेली का, याचा पाठपुरावा करा. ज्यांचं यंदा राहिलं असेल त्यांनी या आठवड्यात करा.

आता मी माझ्या मते सगळ्यात अवघड असलेल्या गोष्टीकडे येते.

शाळा जवळ आहे, गुरुजी घ्यायला तयार आहेत, कार्ड आहे, पुस्तक आहे. तरी मुलगी येत नाही. का? कारण तिच्या कडेवर बाळ आहे.

मागच्या हंगामात आमच्या प्रभागातल्या एका गावाच्या शिवारात वीस-बावीस कोप्या पडल्या. तिथल्या गटाच्या बाया मुलं मोजायला गेल्या. मुलगे दोन दिवसांत शाळेत जायला लागले. मुली जाईनात. त्यातली एक दहा-अकरा वर्षांची. तिच्याकडे दीड वर्षाचा भाऊ. आई पहाटे फडावर गेली की बाळ हिच्याकडे. ही त्याला घेऊन शाळेच्या दारापर्यंत आली. गुरुजी चांगले, त्यांनी तिला आत बसवलंही. पण बाळ रडायला लागलं, वर्ग हसायला लागला, ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

गटातल्या बाया बाळाला घेऊन अंगणवाडीत गेल्या. अंगणवाडीताई म्हणाल्या, तीन वर्षांच्या पुढचं असेल तर बसवते, गरम आहार देते. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळायची सोय माझ्याकडे नाही. त्यांचंही बरोबर होतं. म्हणजे बघा, सहाच्या पुढे शाळा आहे, तीन ते सहाला अंगणवाडी आहे आणि तीनच्या आतल्या बाळाला कोण? मोठी बहीण. सरकारच्या सगळ्या सोयींमध्ये जी फट राहिली आहे, तिथं आपण दहा वर्षांची मुलगी बसवली आहे. मुलगी शाळेत आणायची असेल तर आधी तिच्या कडेवरचं बाळ उतरवून घेतलं पाहिजे.

त्या गटानं मग काय केलं? शाळेला लागून एक रिकामी खोली होती, ग्रामपंचायतीची. ती झाडून घेतली. दोन साड्यांच्या झोळ्या बांधल्या. दोन बायांनी शाळेच्या वेळात बाळं सांभाळायची, असं ठरलं. बाळं आठ-नऊ. सहा महिन्यांच्या आतली आईबरोबर फडावरच जायची, कारण ती अंगावर पिणारी. बाकीच्यांसाठी अंगणवाडीतून मिळणारा आहार आणि मऊ खिचडी. पहिल्या आठवड्यात आयांना भरवसा नव्हता. अनोळखी गाव, अनोळखी बाया, बाळ कसं द्यायचं? एक आई रोज दुपारी फडावरून धावत येऊन बघून जायची. मग ती दोन दिवसांआड यायला लागली, मग आलीच नाही. तेव्हा समजलं की भरवसा बसला.

पैशाचं बोलते, कारण ते न बोलता सांगितलं तर तुम्ही फसाल. दोन बायांनी फुकट काम महिनाभर केलं. पुढे त्यांची स्वतःची मजुरी बुडायला लागली. हौसेनं महिना निघतो, हंगाम निघत नाही. मग ग्रामसंघानं ठराव करून ग्रामपंचायतीकडे मागणी केली. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्यातून थोडं मानधन मिळालं. ज्यांचा ऊस तोडला जात होता त्या दोन शेतकऱ्यांनी तांदूळ आणि डाळ दिली. केंद्र सरकारच्या "पाळणा" योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची तरतूद आहे. आपल्या प्रकल्पात ते होऊ शकतं का, हे ग्रामसंघानं बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी विचारावं. एका गटानं विचारलं तर तोंडी उत्तर मिळतं, प्रभाग संघानं विचारलं तर कागद हलतो.

संक्रांतीपर्यंत त्या कोप्यांवरच्या पाच मुली शाळेत रोज यायला लागल्या. फेब्रुवारीत टोळी उठली आणि पंधरा किलोमीटरवर दुसऱ्या शिवारात गेली. आमच्या बायांनी त्या गावच्या गटाला फोन केला. तिथं दोघी शाळेत बसल्या. तिघींची शाळा त्या हंगामापुरती तिथंच थांबली, कारण नव्या गावात बाळं सांभाळायला कोणी उभं राहिलं नाही. जिथं बाळाची सोय झाली तिथं मुलगी शिकली, जिथं नाही झाली तिथं नाही. यापेक्षा वेगळा पुरावा मला नको.

मुलींचं आणखी एक आहे, ते स्पष्ट बोलते. मुलगी बारा-तेराची झाली की आई-बापापुढे पेच पडतो. गावी ठेवली तर तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? बरोबर नेली तर कोपीला दार नाही, आंघोळीला आडोसा नाही, दिवसभर ती एकटी. मग घाईघाईनं लग्न लावून देतात. लग्न झालं की आणखी एक कोयता तयार होतो आणि आणखी एक उचल मिळते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी ती मुलगी मोळी उचलते आणि वर्षा-दोन वर्षांत तिचं बाळ झोळीत असतं. बालविवाहाबद्दल आपण शपथा घेतो, ते चांगलंच आहे. पण ज्या मुलीला हंगामात राहायला सुरक्षित जागा आणि जायला शाळा आहे, तिच्या लग्नाची घाई कमी होते. वसतिगृहातली एक जागा मिळवून देणं हे शंभर शपथांपेक्षा मोठं काम आहे. आणि कुठं लग्न ठरल्याचं कळलं तर 1098 हा क्रमांक लक्षात ठेवा. तो मुलांच्या मदतीसाठी आहे आणि फुकट आहे.

आता नेमकं करायचं काय, ते सांगते. वही-पेन घ्या.

ज्या गावातून माणसं जातात, तिथल्या गटांनी निघण्याआधी चार कामं करा. पहिलं, कोणाच्या घरातून कोण जातंय, बरोबर कोणती मुलं आहेत, त्यांचं वय आणि इयत्ता, याची यादी करा. सहा वर्षांच्या आतलीही लिहा. दुसरं, जी मुलं मागं राहू शकतात त्यांच्यासाठी वसतिगृह किंवा आजीचं घर पक्कं करा. आजीजवळ राहणाऱ्या मुलांकडे गटातली एक बाई आठवड्यातून एकदा जाऊन येईल असं वाटून घ्या. तिसरं, जी जाणारच आहेत त्यांचं शिक्षण हमी कार्ड शाळेतून भरून घ्या, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि पुस्तकं पिशवीत घाला. पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी द्या. अंगणवाडीताईंना सांगून लहान मुलांच्या आणि गरोदर बायांच्या स्थलांतराची नोंद करून घ्या, म्हणजे पुढच्या गावात त्यांना आहार मिळेल. रेशनकार्डाचा नंबरही बरोबर हवा, धान्य दुसऱ्या गावातल्या दुकानातूनही घेता येतं. चौथं, कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेवा. हा फोन नंबर नसेल तर बाकी सगळं वाया जातं.

ज्या गावात माणसं येतात, तिथल्या गटांनी कोप्या पडल्या की पहिल्याच आठवड्यात जाऊन या. चौकशीला आलोय असं वाटू देऊ नका. पाणी कुठून भरता, आजारी कोण आहे, हे विचारा. मग पोरांचं विचारा. यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. काही शिक्षक बालरक्षक म्हणून अशा मुलांसाठी काम करतात, तुमच्या केंद्रात कोण आहे ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असायलाच हव्यात, हा कायदा आहे. त्यात आपल्या गटातली कोणीतरी असेलच. तिनं बैठकीत हा विषय मांडायचा. शाळा लांब असेल तर पोरांना गोळा करून नेणारं एक मोठं माणूस ठरवा, रस्त्याच्या कडेनं रांगेत न्यायचं. आणि शाळेत आल्यावर आपली पोरं त्यांना "कोपीवाले" म्हणून चिडवत असतील, तर त्याचं औषध गुरुजींकडे नाही, आपल्या घरात आहे.

काही बाया म्हणतात, "चार महिन्यांची पाहुणी पोरं, त्यांच्यासाठी एवढं कशाला?" अहो, आपला ऊस वेळेवर तुटला नाही तर तोलात किती घट येते हे आपण बघतो. तेव्हा त्यांच्या आयांची वाट आपण किती आतुरतेनं बघतो! ज्या बाईच्या हातानं आपल्या घरात उसाचं बिल येतं, तिचं पोर आपल्या गावच्या वर्गात बसलं तर आपलं काय कमी होतं? उलट पट वाढला तर आपल्या शाळेचंच भलं होतं.

आणि माणसं परत आल्यावर? एप्रिलमध्ये मूल गावात उतरलं की दुसऱ्या दिवशी शाळेत. परीक्षा झाली असली तरी. नाव पटावरून काढलेलं नाही ना, हे बघा. मे महिन्यात दुपारच्या वेळी कोणाच्या तरी ओट्यावर, शिकलेल्या मुलींना घेऊन रोज तासभर वाचन आणि गणित घ्या. बारावी झालेल्या मुली सुट्टीत घरी असतात, त्यांना सांगा. अनुताईंनी मातीत अक्षरं काढून शिकवलं, आपल्याकडे तर पुस्तकं आहेत आणि बालभारतीची पुस्तकं मोबाईलवरही फुकट मिळतात.

या सगळ्याला कोणी मोठा साहेब लागत नाही. शाळा तिकडेही आहे आणि इकडेही. शिक्षक दोन्हीकडे आहेत, कायदा दोन्हीकडे एकच आहे. मूल हरवतं ते या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर. तिथं ना हे गुरुजी पोचतात, ना ते. तिथं आपला एक फोन पोचतो. "ताई, आमच्या गावची सात पोरं तुमच्या शिवारात आलीत, एका पोरीच्या कडेवर बाळ आहे, जरा बघता का?" एवढंच बोलायचं आहे. आपले गट दोन्ही गावांत आहेत, वरती प्रभाग संघ आहे, एकमेकींचे नंबर आहेत. बचतीसाठी बांधलेली ही साखळी आहे. ती मुलांसाठीही वापरता येते.

येत्या बैठकीत कर्जवसुली आणि बचत झाली की उठू नका. दहा मिनिटं थांबा, वहीचं एक पान उघडा आणि यादीतलं पहिलं नाव लिहा. नावाशेजारी कोणाच्या हाताला कोणतं भावंड आहे तेही लिहा. यादी झाली की प्रभाग संघाच्या बैठकीत घेऊन या, तिथं आपण गावांच्या जोड्या लावू. तुमच्या गटाला यात काय अडचण आली, कोणत्या शाळेनं काय उत्तर दिलं, ते आपल्या रेडिओला कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.